पहिल्या आठवड्यातली वही : अंदाज खरा ठरला, की मीच ठरवला?

खडूची_धूळ (सोमवार, रात्री ९:४०)

परवा कपाट आवरताना मागच्या वर्षीची एक वही हाती लागली. नवा वर्ग मिळाला की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे मी एक-दोन शब्द लिहून ठेवते. चौदा वर्षांची सवय आहे. नावं लवकर पाठ व्हावीत म्हणून सुरू केलं होतं, कुणाला दाखवत नाही. "चुणचुणीत." "बडबड्या, पण लक्ष असतं." "कामचुकार, डोळा ठेवणे." "गप्प. फार अपेक्षा नको."

गंमत म्हणून वर्षअखेरचे गुण आणि वर्तनाचे शेरे शेजारी ठेवून बघितले. ४१ मुलांपैकी ३५ जणांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यातलं माझं म्हणणं जवळपास जसंच्या तसं खरं ठरलं होतं. पाच मिनिटं स्वतःचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, नजर तयार झाली हो आपली.

मग "कामचुकार, डोळा ठेवणे" या नावाशी अडखळले. डोळा ठेवला होता ना मी! तिची वही दर आठवड्याला बघायचे, बाकीच्यांची महिन्यातून एकदा. साहजिकच अपुरा गृहपाठ तिचाच सापडायचा. आणि "गप्प" मुलगा वर्षभर गप्पच राहिला, पण त्याला बोलायला लावणारा एकही प्रसंग मला आठवेना.

तर प्रश्न असा : शिक्षकाला मुलं लवकर ओळखता येतात, की शिक्षकाला जे वाटतं तशी ती हळूहळू होत जातात? वर्तन आणि अभ्यासाची ओढ, दोन्हींबद्दल विचारतेय. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. झोडपायचं तर झोडपा.

तिरकस_कोन

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

शेवटचा_बाक

आयडी बघूनच कळलं असेल, माझा शेरा कोणता असणार ते.

सातवीत आम्हाला गणिताला जे सर होते ते पेपर वाटताना गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटायचे. पहिला गठ्ठा संपला की चष्मा काढून पुसायचे, आणि मग "आता उरलेले" म्हणून पुढे सुरू. मी कायम "उरलेले"मध्ये. एकदा चुकून मला ३० पैकी २६ पडले. सरांनी पेपर दिला, परत घेतला, शेजाऱ्याचा पेपर मागवला आणि उभ्या उभ्या दोन्ही ताडून बघितले. शेजाऱ्याला ११ होते. तरीही मला म्हणाले, "बघू पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी मी मुद्दाम अभ्यास केला नाही. का, ते आज नीट सांगता येत नाही. बहुतेक असं वाटलं असावं की परत २६ पडले तर परत ताडून बघतील. ११ पडले की निदान कुणी काही विचारत नाही.

वहीपेन

शेवटचा_बाक, तो चष्मा पुसण्याचा तपशील वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे छत्रीची मूठ होती, पण ते जाऊ दे.

वर्गशिक्षक_सात_ब

बाई, स्वतःला इतकं ओरबाडू नका. सव्वीस वर्षं शिकवतोय. ३५ बरोबर आले कारण तुम्हाला मुलं कळतात. एवढी वर्षं वर्गात काढून तेवढंही कळत नसेल तर काय उपयोग? डॉक्टरने रोग ओळखला म्हणून डॉक्टरनेच रोग दिला असं म्हणणार का?

मुलगा वर्गात येतो तो कोरी पाटी घेऊन नव्हे. घरी कुणी वाचणारं आहे का, रात्री झोप होते का, मागच्या इयत्तेत काय काय निसटलंय, हे सगळं घेऊन येतो. त्यातलं मला पाच दिवसांत दिसतं. मी "अपेक्षा" ठेवल्याने त्याचं निसटलेलं अपूर्णांकाचं गणित परत येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि एक कटू बोलतो. अपेक्षा ठेवून तोंडावर आपटलोय मी. एका मुलाला दोन वर्षं शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलं. शेवटच्या परीक्षेला तो आलाच नाही. तेव्हापासून अपेक्षा बेताच्या ठेवतो. ती माझी सोय समजा, किंवा त्या पोराला दिलेली सवलत समजा.

आकडेमोड

या विषयावर थोडं वाचन आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर पुढे सरका.

धाग्यातल्या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांचा. १९६५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांची त्यांनी चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की यातली काही मुलं येत्या वर्षात एकदम उमलणार आहेत, हा त्या चाचणीचा निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात ती नावं, साधारण २० टक्के मुलांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेर परत चाचणी घेतली. पहिलीत यादीतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ ने वाढला होता आणि बाकीच्यांचा १२ ने. दुसरीत साधारण १६ आणि ७. १९६८ मध्ये यावर पुस्तक आलं आणि जगभर शिक्षक प्रशिक्षणात ते सांगितलं जाऊ लागलं.

सहसा सांगितलं जात नाही ते असं की तिसरीपासून पुढे हा फरक जवळपास दिसलाच नाही. शिवाय त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी चाचणीवरच सडकून टीका केली. इतक्या लहान मुलांसाठी ती चाचणी बेभरवशाची आहे, काही वर्गांचे सुरुवातीचे आकडे तर अशक्य कोटीतले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे १९८४ मध्ये स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले. खोटी माहिती मिळण्याआधी शिक्षक त्या मुलांना किती दिवस ओळखत होते, यावर सगळं अवलंबून निघालं. ओळख दोन आठवड्यांहून जास्त असेल तर परिणाम शून्याच्या आसपास. ओळख नवी असेल तरच शिक्षक त्या माहितीच्या आहारी जातात.

म्हणजे खडूची_धूळ, तुमचा "पहिला आठवडा" नेमका त्याच नाजूक काळात येतो.

२००५ मध्ये ली जसिम आणि केंट हार्बर यांनी पस्तीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात वर्गशिक्षक_सात_ब यांच्या बाजूचं बरंच आहे : शिक्षकांचे अंदाज खरे ठरतात ते मुख्यतः अंदाज अचूक असतात म्हणून. अपेक्षेमुळे मूल बदलतं हेही खरं, पण परिणाम सहसा लहान असतो. मात्र आधीच कुठल्या तरी कारणाने बाजूला पडलेल्या मुलांवर तो मोठा असू शकतो.

तिरकस_कोन

थोडक्यात : बाई ३५ पैकी तीसेक वेळा हुशार आणि पाचेक वेळा गुन्हेगार. कोणत्या पाच ते माहीत नाही.

(हलके घ्या.)

खडूची_धूळ

तिरकस, हलकं घ्यायचा प्रयत्न करतेय, पण हेच तर डोक्यातून जात नाहीये. कोणत्या पाच?

ढ_नव्हे_ढग

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडे मुलाला "ढ" का म्हणतात, ठाऊक आहे? ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बहुतेक अक्षरांची रूपं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ढ मात्र अशोकाच्या शिलालेखात जवळपास आज दिसतो तसाच आहे, फक्त डोक्यावर रेघ नाही. दोन हजार वर्षांत काही म्हणता काही बदल नाही. म्हणून जो पोरगा कितीही शिकवलं तरी बदलत नाही तो "ढ", असं आमचे मराठीचे गुरुजी सांगायचे. व्युत्पत्ती खरी की रचलेली, देव जाणे. पण अक्षराचं रूप टिकलंय हे खरं आहे, चित्रं काढून बघा.

मला तो शब्द चार वर्षं चिकटला होता. एवढा इतिहास आहे हे कळल्यावर उगाचच भारदस्त वाटलं.

वहीपेन

ढग, भारी! आता मजा बघा, या शब्दाचा सगळा भर "बदलत नाही" यावर आहे. "येत नाही" वेगळं आणि "येणारच नाही" वेगळं. शिव्या इतक्या अचूक नसाव्यात.

मधली_सुट्टी

मी ढ नव्हते, मी "हुशार" होते. दुसरी बाजू सांगते, कारण हा धागा फक्त कमी अपेक्षांवर चाललाय.

वर्गात कुणालाच आलं नाही की बाई माझ्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "हिला येतं." प्रश्नचिन्ह नाही. मला येत नसेल तर? तशी सोयच नव्हती. म्हणून मी काय करायचे, तर जिथे न येण्याची शक्यता आहे तिथे जायचंच सोडून दिलं. वक्तृत्वात नाव दिलं नाही, बुद्धिबळ शिकले नाही, विज्ञानमंडळात गेले नाही. सगळे म्हणायचे, किती अभ्यासू, इकडेतिकडे लक्षच नाही. लक्ष होतं हो, भीती वाटायची.

आता माझी लेक त्याच वयाची आहे आणि तिच्या शिक्षिकेने प्रगतिपुस्तकावर लिहिलंय, "जात्याच हुशार." सगळ्यांना आनंद झालाय. मला तेवढा का झाला नाही, हे घरात कुणाला समजावता येत नाही.

आकडेमोड

मधली_सुट्टी, यावरही प्रयोग आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितलं, "तू हुशार आहेस", काहींना "तू मेहनत घेतलीस". पुढच्या वेळी निवड करायला दिली तेव्हा "हुशार" गटाने जास्त करून सोपी कोडी घेतली. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश दिलं. त्यानंतर "हुशार" गटाची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगणारेही त्याच गटात जास्त निघाले.

मात्र याचंही पुढे भरमसाठ कौतुक झालं. "मेहनतीला दाद द्या, सगळं ठीक होईल" असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर मोठी चाचणी झाली. बुद्धी वाढवता येते, हे समजावणारे छोटे ऑनलाइन पाठ दिले, तासाभराचेही नाहीत. मागे पडलेल्या मुलांची श्रेणी साधारण ४ च्या मोजपट्टीवर ०.१ ने सुधारली. फुकटात मिळालं तर चांगलंच, पण चमत्कार नव्हे.

वर्गशिक्षक_सात_ब

०.१! आणि यासाठी आम्हाला दर सुट्टीत प्रशिक्षणाला बसवतात.

बालवाडी_ते_चौथी

सर, तुमचं म्हणणं वाचलं. मी लहान मुलांना शिकवते, त्यामुळे "निसटलेलं" अजून फारसं नसतं. तरी माझाही एक गुन्हा कबूल करते.

आमच्याकडे चांगल्या वागणुकीला चांदणीचं स्टिकर. शांत बसलं, चांदणी. रांगेत आलं, चांदणी. महिन्याभरात वर्ग इतका शिस्तीत आला की पाहणीला आलेल्यांनी फोटो काढले. मग मी पुस्तकपेटीलाही चांदणी लावली. गोष्टीचं पुस्तक वाचलं की एक. दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, जाड पुस्तकं कुणी उचलतच नाही. आणि एक पोरगी, जिला आधी पेटीपासून ओढून न्यावं लागायचं, ती पुस्तक उघडायच्या आत विचारते, "हे लहान आहे, तरी मिळेल ना?"

चांदण्या बंद केल्या. पेटीकडे जाणारी मुलंही निम्मी झाली. ती पोरगी परत यायला तीन महिने लागले.

आकडेमोड

तुम्ही १९७३ चा प्रयोग नकळत परत केलात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट. ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीसपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत त्या मुलांनी चित्रकलेत बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्मा वेळ घालवला. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक दिलं त्यांच्यावर तसा परिणाम नव्हता.

पण मूल जे मुळात करतच नाही, त्याला सुरुवात करून द्यायला बक्षीस चालतं. पाढे कुणी आनंदाने म्हणत नाही.

तिरकस_कोन

मी आनंदाने म्हणायचो. एकोणतीसचा. कारण तिथपर्यंत दुसरं कुणी पोचायचं नाही.

अजून_शिकतोय

मी या धाग्यावर बहुधा सगळ्यात लहान आहे (अकरावी). काका-काकूंनो, मावशांनो, तुम्हाला वाटतं अपेक्षा मनात असतात आणि आम्हाला कळत नाहीत. सगळं कळतं.

आमचे एक सर प्रश्न विचारतात आणि हातातला खडू बोटांत फिरवत राहतात. खडू थांबला की ठरलेल्या चौघांपैकी एकाचं नाव येणार. बाकीचे आम्ही खडू फिरतोय तोवर आरामात असतो. कुणीतरी पाचव्याचं नाव चुकून घेतलंच, तर सर नाव घेऊन होईपर्यंतच फळ्याकडे वळलेले असतात. उत्तर येणार नाही हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. मग आम्हीही देत नाही. बरोबर उत्तर पाठीला काय सांगायचं?

आणि वागणुकीचं म्हणाल तर, मागच्या बाकावरून आवाज आला की सर न बघता एका मुलाचं नाव घेतात. तो त्या दिवशी गैरहजर होता तरी घेतलं होतं.

शेवटचा_बाक

गैरहजर होता तरी!! माझा वारस भेटला.

वहीपेन

"बरोबर उत्तर पाठीला काय सांगायचं?" अजून_शिकतोय, हे तुझ्या सरांना वाचायला दे. बारावी झाल्यावर दे.

आकडेमोड

या मुलाने जे लिहिलंय ते मोजलं गेलंय. मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात. सरासरी एक सेकंद. एक! तेवढ्यात उत्तर नाही आलं तर दुसऱ्याला विचार, किंवा स्वतःच सांगून टाक. शिवाय ज्यांना शिक्षक वर्गातले पहिले पाच मानत होते त्यांच्यासाठी ते जवळपास दोन सेकंद थांबत, आणि तळाच्या पाचांसाठी एक सेकंदाहूनही कमी. ज्याला जास्त वेळ लागतो त्याला कमी वेळ. शिक्षकांनी तीन सेकंद थांबायची सवय लावली तेव्हा उत्तरं कित्येक पटींनी लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

त्याच काळात, १९७० मध्ये, ब्रोफी आणि गुड यांनी पहिलीच्या चार वर्गांत बसून नोंदी केल्या. मुलाने उत्तर दिल्यावर शिक्षकाने बरोबर-चूक काहीच न बोलता पुढे जाणं, हे "वरच्या" मुलांच्या बाबतीत सुमारे ३ टक्के वेळा घडलं आणि "खालच्या" मुलांच्या बाबतीत १५ टक्के.

ओळ_दुसरी

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो.

मी तोतरा. लहानपणी फारच. चौथीतल्या बाई अतिशय मायाळू. धडा वाचायला सगळ्यांना ओळीने उभं करायच्या, माझ्यापाशी आलं की डोळ्यांनीच "राहू दे" म्हणायच्या आणि पुढच्याला उठवायच्या. मला काय सुटल्यासारखं वाटायचं! वर्षभरात एकदाही वाचलं नाही. पाचवीत गेलो तेव्हा माझी पक्की समजूत झाली होती की वाचणं हे माझं काम नाही, जसं झाडावर चढणं माशाचं काम नाही.

पाचवीतले सर कडक. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं किंवा सांगूनही त्यांनी मानलं नाही. पहिल्याच दिवशी उभं केलं. "प" वर अडकलो तो अडकलोच. वर्ग हसला. सर म्हणाले, "पूर्ण झाल्याशिवाय बसायचं नाही." मी तास संपेपर्यंत उभा होतो आणि "पावसाळा" हा शब्द मला अजूनही म्हणावासा वाटत नाही. तेव्हा उंच अपेक्षांचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. त्या सरांच्या माझ्याकडून भरपूर अपेक्षा होत्या.

सहावीतल्या सरांनी वेगळंच केलं. आदल्या दिवशी जाता जाता हळूच म्हणाले, "उद्या दुसऱ्या परिच्छेदाची दुसरी ओळ तुझी. तेवढीच." मी घरी ती ओळ साठ-सत्तर वेळा म्हटली असेल. दुसऱ्या दिवशी अडखळत का होईना, झाली. सरांनी शाबासकीबिबासकी काही दिली नाही, सरळ पुढच्याला उठवलं. मला तेच सगळ्यात आवडलं. पुढच्या आठवड्यात दोन ओळी.

आयडी तिथून आलाय.

मधली_सुट्टी

ओळ_दुसरी, __/\\__

वर्गशिक्षक_सात_ब

ओळ_दुसरी, तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. चौथीतल्या त्या बाई म्हणजे मी. इतकी वर्षं ज्याला सवलत म्हणत आलो ती नेमकी "राहू दे" होती.

तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला आदल्या दिवशी ओळ कोण वाटत बसणार? एका तासात साठ वेळा तीन सेकंद थांबलो तर तीन मिनिटं झाली, ठीक आहे, तेवढं जमेल. पण मन साठ ठिकाणी नाही वाटता येत. जे संशोधक एका वर्गात महिनाभर मागे बसून टिपणं काढतात, त्यांनी एक वर्ष पुढे उभं राहून दाखवावं.

बालवाडी_ते_चौथी

सर, साठांना नाही वाटायची. एकाला वाटायची. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला.

तिरकस_कोन

साठ आठवडे. वर्ष बावन्न आठवड्यांचं. आठ जण पुढच्या इयत्तेत ढकलले.

व्यवस्थापन

घोडा बुद्धिमान होता की नाही यावरचे एकवीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. (ज्यांनी ते वाचले नाहीत त्यांच्यासाठी : बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खुराने टापा मारून बेरजा सांगायचा, आणि १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल बघून थांबत असे.) मूळ विषयाला धरून लिहावे.

अजून_शिकतोय

म्हणजे घोड्यालाही कळायचं.

खडूची_धूळ (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. मध्यंतरी दोन गोष्टी केल्या.

पहिली : एका तासाला फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण केलं आणि घरी ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षा आहे, कुणी करू नका. ३८ मिनिटांत मी ४४ प्रश्न विचारले. ते नऊच मुलांकडे गेले. मोजलं नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की सगळ्या वर्गाला विचारते. "चुणचुणीत" लिहिलेल्या मुलाला उत्तर आलं नाही तर मी म्हणते, "आठव, काल काय केलं आपण? बरं, पाण्याचं काय होतं?" असं धरून धरून पैलतीराला नेते. बाकीच्यांना, "बस. अजून कोण?" दोन्ही वेळा आवाज सारखाच प्रेमळ आहे. म्हणूनच मला कधी कळलं नसावं.

दुसरी : यंदाच्या वहीतही एक "गप्प" आहे, तिसऱ्या रांगेत खिडकीशी. तिला प्रश्न विचारला आणि थांबले. तीन सेकंद फार मोठे असतात हो. वर्ग कुजबुजायला लागला, ती लाल झाली आणि "माहीत नाही बाई" म्हणाली. ओळ_दुसरी यांचे पाचवीतले सर आठवले, मी घाईने तिला बसवलं.

मग सहावीतले सर आठवले. शुक्रवारी घंटा झाल्यावर तिला म्हटलं, "थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, ते पाणी कुठून येतं? सोमवारी तुला विचारणार आहे. पुस्तक बघायचं नाही, तुला काय वाटतं ते सांगायचं."

सोमवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "काचेतून झिरपतं."

चूक. आणि मी "बस, अजून कोण?" म्हणायला तोंड उघडलेलंच होतं. ते कसंबसं मिटलं आणि विचारलं, अजून कुणाला असं वाटतं? सोळा हात वर. त्यात माझा चुणचुणीतही होता, ज्याने मागच्याच आठवड्यात "संघनन" (वाफेचं पाणी होणं) असं खणखणीत उत्तर देऊन मला खूश केलं होतं! मग त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. पेल्यात थंडगार पाणी घेऊन त्यात लाल शाई घातली आणि सगळे वाट बघत बसलो. बाहेर थेंब आले. खिडकीशी बसणारीने पांढरा कागद पेल्याला टेकवून बघितला. कागद ओला झाला, लाल नाही झाला. ती म्हणाली, "मग हे पाणी होतं कुठे?" वर्षातलं तिचं हे तिसरं वाक्य.

मंगळवारी परत गप्प होती. बुधवारीही.

वर्गशिक्षक_सात_ब

सोळा हात! बाई, माझ्याही वर्गात "संघनन" म्हणणारे बरेच आहेत. उद्या विचारून बघतो. शाई लालच लागते की निळी चालेल?

आकडेमोड

निळी चालेल. पेला बाहेरून कोरडा पुसून घ्या, आणि ओतताना शाई बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर मुलं म्हणतील झिरपलंच.

खडूची_धूळ, यंदाच्या वहीचं काय केलंत?

खडूची_धूळ

आहे तशीच आहे. फाडावी वाटली होती, पण मग कोणत्या पाच जणांच्या बाबतीत माझं चुकलं हे कधीच कळणार नाही. तिच्या नावापुढचा शब्दही खोडलेला नाही, कारण ती गप्पच आहे. त्याच्यापुढचं वाक्य मात्र खोडलं. आणि "चुणचुणीत"पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलंय.

तिरकस_कोन

त्या बिचाऱ्याने काय केलं?

खडूची_धूळ

काही नाही. उद्याची ओळ त्याची आहे. चला, चाचणीचे पेपर तपासायचे राहिलेत. यावेळी नावं झाकून तपासतेय, दुप्पट वेळ लागतोय.

शेवटचा_बाक

वाटताना उतरत्या क्रमाने नको फक्त.